टाचणीमावशींनी भाजलेली इमारत

सकाळी सव्वाआठला आमच्या घरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि दोन्हींवर नजर ठेवायला मी एकटी. लेकीला दप्तर पाठीवर चढवल्यावरच आठवतं की कंपासपेटी पलंगाखाली राहिली. आमचे हे शर्टाला बटण आहे की नाही, ते शर्ट अंगात घातल्यावर तपासतात. त्या बुधवारी नव्हतं. "बटण कुठं गेलं?" असं ते मला विचारत होते, जसं काही मीच ते नाश्त्याला खाल्लं होतं. तेवढ्यात दारावर थाप पडली.

आमच्या दाराला चांगली बेल आहे. ती सोडून थाप मारणारं माणूस अख्ख्या इमारतीत एकच.

"टाचणी आली," असं पुटपुटत हे बिनबटणाच्या शर्टानिशी आतल्या खोलीत गुप्त झाले. एरवी बटण तुटलं की ह्याच माणसाला मावशी देवासारख्या वाटतात. पण हे आमच्या इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी, आणि आदल्याच दिवशी त्यांनी एका नोटिशीवर सही केली होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दार उघडलं. गळ्यात माप घ्यायची फीत, ओठांत टाचण्या, काखेत जुन्या वर्तमानपत्रांची गुंडाळी.

"ओव्हन आहे ना गं तुझ्याकडे?"

"आहे की, मावशी."

"चालतो?"

"चालतो. केक करते की मी त्यात."

"मग मला एक इमारत भाजून हवी."

माझ्या मागे दूध उतू गेलं.

मावशींचं खरं नाव इमारतीत कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. तोंडावर 'मावशी', पाठीमागे 'टाचणी'. ह्या नावाची कारणं दोन. एक म्हणजे त्यांच्या ओठांत पाच-सहा टाचण्या कायम धरलेल्या असतात आणि बोलणं त्यांच्या फटींतून गाळून बाहेर येतं. दुसरं कारण त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की आपोआप कळतं.

त्या नवे कपडे शिवत नाहीत. जुने सैल करतात, आवळतात, उंची कमी-जास्त करतात, चेन बदलतात. मी एकदा विचारलं होतं, नवं का शिवत नाही म्हणून. "नवं कुणीही शिवेल गं," त्या म्हणाल्या. "माणूस बदलतं, कपडा तोच राहतो. त्या दोघांचं पुन्हा जुळवून देणं, त्याला अक्कल लागते."

गेली बावीस वर्षं त्यांचं शिलाईमशीन तळमजल्यावर जिन्याखाली आहे. त्या राहतात तिथेच मागच्या बाजूच्या एका खोलीत. मग मशीन घरात का नाही? कारण काका. मावशींचे यजमान सगळं आयुष्य रात्रपाळीचे पहारेकरी होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण शरीराला ते कुणी कळवलेलं नाही. ते रात्री टक्क जागे असतात आणि दिवसभर झोपतात. "घरात मशीन चालवलं की हे उठतात," मावशी सांगतात. "उठले की बोलतात. बोलले की माझा टाका चुकतो."

जिन्याखालच्या त्या जागेत आणखी एक गंमत आहे. आठ महिन्यांपूर्वी अध्यक्षांनी वीज वाचवायला म्हणून तिथला साधा दिवा काढला आणि माणूस हललं की आपोआप लागणारा दिवा बसवला. मिनिटभर कुणी हललं नाही की तो विझतो. आता ह्या दिव्याचा डोळा जिन्याच्या तोंडाकडे. जिन्याखाली बसून शिवणारी बाई त्याला दिसतच नाही. मग दर मिनिटाला मावशींनी हात बाहेर काढून वर करायचा, दिवा लावायचा, आणि पुढचे दहा-बारा टाके घालायचे. हळूहळू सगळ्या इमारतीलाच सवय लागली. येणारा-जाणारा जिन्यापाशी थांबून एकदा हात वर करतो, मावशींना मिनिटभर उजेड देतो आणि आपल्या वाटेला लागतो. माझी लेक तर परवा शाळेत वर्गातले दिवे गेले तेव्हा हात वर करून बसली. बाईंना वाटलं, हिला उत्तर येतंय.

तर ती नोटीस. 'तळमजल्यावरील जिन्याखालचे अतिक्रमण हटवून तेथे शोभेचे कारंजे बसवण्यात येईल. हरकत असल्यास रविवारच्या सभेत नकाशा वा नमुन्यासह मांडावी.' खाली अध्यक्षांची सही आणि तिच्याखाली, बरीच बारीक, आमच्या ह्यांची.

"बावीस वर्षं मी मावशी होते," मावशी माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसत म्हणाल्या, "कालपासून अतिक्रमण झाले."

"मग पुढं काय करणार?"

"मशीन गेलं की काय करणार? बाहेर दुकान घ्यायची ऐपत नाही, घरात चालवायची सोय नाही. म्हणजे मशीन बंद. मग मी दिवसभर काय करू? ह्यांचं घोरणं मोजू?" एवढं बोलून त्यांनी वर्तमानपत्रांची गुंडाळी उलगडली. "नकाशा काढायला येत नाही मला. पण नमुना कापता येतो. गेल्या वर्षी तू लेकीसाठी ते आल्याच्या बिस्किटांचं घर केलं होतंस ना?"

"मावशी, त्याचं छप्पर घसरलं होतं."

"घसरणारच. माप कुठं घेतलं होतंस?"

"पण बिस्किटाचाच नमुना का? पुठ्ठ्याचा करू."

मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला उगाचच माझा काठ उलटा शिवल्यासारखं वाटलं. "पुठ्ठ्याचा केला तर अध्यक्ष म्हणतील 'छान छान' आणि कपाटावर टाकतील. आपल्या सभेत पंधरा मिनिटांनी कोण उरतं? अध्यक्ष, तुझा नवरा आणि पंखा. खायचं समोर असलं की शेवटपर्यंत एक माणूस उठायचा नाही."

मी तयार झाले. एकच अट मी घातली, स्वयंपाकघरात टाचण्या येणार नाहीत. त्यांनी एकेक करून सात टाचण्या ओठांतून काढून डबीत ठेवल्या. ह्या इमारतीत राहायला आल्यापासून अठरा वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच मोकळा ऐकला. चांगला जाड, खणखणीत होता.

त्याच दुपारी, सगळी इमारत पेंगत असताना, आम्ही दोघींनी तिचं माप घेतलं. मावशी इमारतीला माणसासारखं मोजतात. वहीत त्यांनी लिहिलं: पाठ, खांदा, उंची, पोट. वरच्या मजल्यांसाठी गच्चीवरून फितीला दोरा बांधून खाली सोडला. मी वर, मावशी खाली, आणि आमची बोलणी खुणांनी. दुसऱ्या मजल्यावर अध्यक्षांच्या गॅलरीपाशी फीत सरळ खाली उतरेना. ती गॅलरी काचा लावून बंद केलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण काचा लावताना ती दोन वीत पुढेही सरकली होती, हे फितीनेच पहिल्यांदा सांगितलं.

मावशी खालून बघत राहिल्या. मग वहीत 'पोट'च्या पुढे आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

"माप घेताना सगळे पोट आत ओढतात," त्या नंतर म्हणाल्या. "भिंतीला ते जमत नाही, बिचारीला."

इथे एक सांगायला हवं. इमारतीतल्या प्रत्येकाच्या कंबरेचं माप मावशींच्या त्याच वहीत आहे. अध्यक्ष दर वर्षी एकदा, जिना रिकामा बघून, सगळ्या पँटी एका पिशवीत घालून आणतात आणि अर्धा-अर्धा इंच सैल करून नेतात. मावशी हे कधी कुणाला बोलल्या नाहीत. मलासुद्धा नाही. पिशवी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली म्हणून मला माहीत. "तेच वापरा ना रविवारी," मी सुचवून पाहिलं. "गप," मावशी म्हणाल्या. "अंगाचं माप मी मेले तरी सांगायची नाही. भिंतीचं विचारशील तर ओरडून सांगेन."

गुरुवारी, हे कामावर आणि लेक शाळेत गेल्यावर, आम्ही भट्टी लावली. लोणी आणि काकवी मंद आचेवर पातळ केली, त्यात साखर, सुंठ, दालचिनी, चिमूटभर लवंगेची पूड, मग मैदा आणि सोडा. मी मळत होते, मावशी नाक खुपसून बघत होत्या. "रंग चांगला आहे. मळखाऊ." पिठाचा गोळा ताटाखाली तासभर गार करून आम्ही लाटायला घेतला, आणि मावशींनी त्यावर वर्तमानपत्राचे कापलेले आकार ठेवले. समोरची भिंत, मागची, बाजूच्या दोन, गच्चीचं सपाट छप्पर. खडूची सवय इतकी, की मी वेळेवर हात धरला नसता तर पिठावर निळा खडू ओढला असता. खुणा करायची ती दातेरी चाकी मात्र त्यांनी आणलीच होती, आणि खरं सांगते, माझ्या सुरीपेक्षा ती सरस चालली.

भिंती भाजून निघाल्या. आम्ही मोठ्या उत्साहाने त्या एकमेकींना लावून बघितल्या.

बसेनात. एकही भिंत दुसरीशी जुळेना. सगळ्या चहूबाजूंनी बोटभर मोठ्या, आणि छप्पर मात्र मधोमध चिमुकलं, जाड्या माणसाच्या डोक्यावर बाळाची टोपी ठेवावी तसं.

"मावशी, कागद मापाने कापला होता ना?"

"मापाने म्हणजे काय! वर शिलाईला जागा सोडली. अर्धं बोट."

"शिलाईला?"

"मग भिंती जोडणार कशा? आणि अर्धं बोट आटण्यासाठी. पहिल्या धुण्यात कापड आटतं."

"मावशी, हे कापड नाही. हे आटत नाही, ओव्हनमध्ये पसरतं."

मावशींनी फीत काढून एक भिंत पुन्हा मोजली. चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं, आणि चुकलं तेही बिस्किटावर. "छपराला का नाही सोडली जागा?" मी हळूच विचारलं.

"टोपीला कशाला लागते?" त्या चिडून म्हणाल्या, आणि मग दोघींनाही हसू आवरेना. हसता हसता मावशींनी उजव्या हाताने भिंत उचलली आणि सवयीने म्हणाल्या, "बरं, उसवून घेऊ." ह्यावर मी ओट्याला धरून बसलेच.

आमच्या हसण्याने असेल किंवा सुंठेच्या वासाने, पण त्या दुपारी एक अघटित घडलं. दारात काका उभे. दिवसाचे तीन वाजले होते. अंगाभोवती चादर, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले.

"कसला वास आहे?"

"तुम्ही उठलात?" मावशींचा आवाज चिरकला. "तीस वर्षांत मशीनचा आवाज सोडून कशानं उठला नाहीत!"

काका सरळ ओट्यापाशी आले. त्यांनी अध्यक्षांच्या मजल्याचा तुकडा मोडला, माझ्या चहात बुडवला आणि उभ्या उभ्या खाल्ला. मग दुसरा. "कडक आहे," ते म्हणाले, "पण प्रामाणिक आहे." आणि चादर सावरत पुन्हा झोपायला गेले. चुकलेली इमारत अशी मार्गी लागली.

शुक्रवारी दुसरी भाजली. ह्या वेळी युक्ती मी सांगितली: भिंत ओव्हनमधून बाहेर आल्या आल्या, गरम आणि मऊ असतानाच, वर कागद ठेवून कडा कापायच्या. मावशींनी ती अशी उचलली की मी नुसती ट्रे काढणारी उरले. खिडक्यांची भोकं त्यांनी काजाच्या कात्रीने पाडली आणि मी त्यांत रंगीत लिमलेटच्या गोळ्यांचा चुरा भरून पुन्हा दोन मिनिटं आत सरकवलं. चुरा वितळून काचा तयार. अध्यक्षांच्या गॅलरीला मावशींनी पिवळ्या काचा निवडल्या. "त्यांच्या खऱ्या काचा निळ्या आहेत," मी म्हटलं. "असू देत," मावशी म्हणाल्या. "लांबून दिसायला हव्यात."

सगळ्या भिंती मी गार करायला आमच्या कपाटावर, जुन्या चादरीखाली लपवल्या. घरात सेक्रेटरी राहतात, दुसरा उपाय काय?

"आल्याचा वास येतोय," हे संध्याकाळी म्हणाले.

"सर्दी आहे मला."

"दालचिनीचाही येतोय."

"जास्त सर्दी आहे."

ते 'बरं' म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. त्यात दोन पानं आम्ही नव्या मापाच्या भिंतींसाठी कापलेली होती. त्या खिडकीतून ते माझ्याकडे बघत राहिले.

शनिवारी भिंती खाली काढल्या तर आमच्याच घराचा, पहिल्या मजल्यावरचा स्वयंपाकघराकडचा कोपरा गायब! तुटलेला नव्हता, व्यवस्थित चावलेला होता. लेक शपथेवर नाही म्हणाली. उंदीर म्हणावं तर आमच्या इमारतीत मांजरी भरपूर. मावशींनी दातांची खूण निरखली. "माणूस आहे," त्या म्हणाल्या. "वरचा डावीकडचा दात जरा पुढे." माझ्या ओळखीत तसा दात कुणाचा, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. आम्ही त्या जागी साखरेचा लेप देऊन ठिगळ लावलं. ठिगळ लावण्यात मावशींचा हात कोण धरणार?

मग जोडणी. अंड्यातला पांढरा भाग, पिठीसाखर आणि लिंबाचे थेंब असं घोटून घोटून दाट पांढरं केलं. ते भरायला माझ्याकडे कागदाचा कोन होता, पण मावशींनी जुन्या अभ्र्याची पिशवी शिवून आणली होती, टोकाला बारीक भोक ठेवून. आधी त्यांनी नुसते ठिपके दिले. "हा कच्चा टाका. नीट उभं राहतंय का बघू, मग पक्का." भिंतींना बाहेरून डाळीच्या आणि साखरेच्या डब्यांचा टेकू दिला. तासाभराने पक्की शिवण मारली. आणि मग त्यांचा हात सुटला. छपराच्या कडेला झालर. गच्चीच्या कठड्याला साखळी टाका. प्रत्येक दाराला काज-बटण. तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंची वाळत घातलेली चादर, तिच्यावरच्या फुलांसकट. आमच्या खिडकीत एक शर्ट, बिनबटणाचा.

सगळ्यांत शेवटी जिना, आणि जिन्याखाली नखाएवढं मशीन, आणि मशीनपाशी एक बाई. साखरेच्या लगद्याची. तिचा एक हात वर.

मी बघतच राहिले. मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच गंभीरपणे विचारलं, "ठेवतील का गं मला?"

मी लेकीची छोटी बॅटरी आणून इमारतीत सरकवली. सगळ्या खिडक्या उजळल्या.

रविवारी सहा वाजता सभा. ती नेहमी जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत भरते. तिथे खिडकी नाही, त्यामुळे उजेड त्या एका दिव्याचाच. मावशींच्या मशीनवर काहीतरी झाकून ठेवलेलं, आणि वास असा की लोक वेळेवर आले. अठरा जण! आमच्या सभेच्या इतिहासात असं झालं नव्हतं. काका चादरीसकट आले होते.

अध्यक्षांनी कारंज्याचं चित्र दाखवलं. मग विचारलं, "हरकत?"

मावशींनी झाकण उचललं आणि आतली बॅटरी लावली.

एकच गलका झाला. "अगं बाई, माझी चादर!" "आमची कुंडी बघ, तुटकी!" "हा शर्ट सेक्रेटरींचाच!" हे शर्टाकडे बघून खोकले.

"हे काय आहे?" अध्यक्ष म्हणाले.

"नमुना," टाचण्यांच्या फटीतून मावशी म्हणाल्या. "नोटिशीत मागितलाय."

"खायचा?"

"खायचा नसावा असं लिहिलं नव्हतं."

अध्यक्षांची नजर दुसऱ्या मजल्यावर गेली. पिवळ्या काचा झळकत होत्या. "माझी गॅलरी एवढी बाहेर नाही."

"माप घेतलंय."

"चुकलं असेल."

मावशींनी गळ्यातली फीत सर्रकन ओढली. "चला, पुन्हा घेऊ. माझं माप चुकत नाही, तुम्हाला तर ठाऊकच आहे." गुरुवारच्या भिंती आठवून मी जमिनीकडे बघितलं. अध्यक्षांचा हात नकळत पट्ट्याकडे गेला.

"मुळात नसलेलं, मागून जोडलेलं, सगळ्यांच्या जागेत आलेलं," मावशी पुढे म्हणाल्या, "त्याला अतिक्रमण म्हणतात ना? मग आज सगळीच काढू. एक तुमचं, एक माझं. सुरी आणलीय मी." आणि खरंच त्यांनी सुरीचं टोक अलगद त्या गॅलरीवर टेकवलं.

"विषयांतर नको!" अध्यक्ष गरजले. "मतदान घेऊ. हे मशीन इथंच राहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा. मी बघतोय."

'मी बघतोय' ह्या दोन शब्दांत सगळं होतं. पाण्याच्या पंपाची किल्ली अध्यक्षांकडे असते. ज्याच्याशी त्यांचं बिनसतं, त्याच्या नळाला दोन दिवस नुसती हवा येते. पहिला हात कुणी वर करायचा? जो तो शेजारच्याची वाट बघत बसला. गाण्याच्या बाईंनी श्वास रोखला. काकासुद्धा पुतळा झाले. माझाही हात मांडीखाली होता, खोटं कशाला बोलू. मावशी कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या साखरेच्या बाईकडे बघत होत्या.

एक मिनिट कुणी म्हणजे कुणी हललं नाही.

आणि दिवा विझला.

अंधारात फक्त बिस्किटांच्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. आठ महिन्यांची सवय. आम्ही सगळ्यांनी, काही न ठरवता, हात वर केले.

दिवा लागला. अठराच्या अठरा जणांचे हात वर होते. काकांचे तर दोन्ही. आणि अध्यक्षांचाही, कारंज्याच्या चित्रासकट.

आमचे हे शांतपणे उठले. बोटाने मोजायला लागले. "...सोळा, सतरा. अध्यक्ष धरून अठरा." काकांचा एक हात त्यांनी सोडून दिला. मग वहीत लिहीत म्हणाले, "एकमताने मंजूर."

"अहो, दिवा गेला होता!" अध्यक्ष ओरडले. "म्हणून हात वर केला!"

"हात कशासाठी वर केला, हे नोंदवायची पद्धत नाही," हे म्हणाले. "हात मोजायचे फक्त." लिहिताना ते माझ्याकडे बघत नव्हते, पण ओठ आवळून धरले होते, आणि वरचा डावीकडचा दात, जो जरा पुढे आहे, तो तरीही दिसत होता. मला एकदम आमचा चावलेला कोपरा आठवला.

शेजारून जाताना ते हळूच म्हणाले, "आपल्या स्वयंपाकघराची भिंत जरा जास्त भाजली होती."

तोवर मावशींनी सुरीचा एक नेमका दाब दिला होता. पिवळ्या काचांची गॅलरी अख्खी सुटून बशीत आली. ती त्यांनी अध्यक्षांपुढे धरली. "घ्या. हे तुम्हीच संपवा. पुरावा मागं राहायला नको."

आधी कुणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच. अध्यक्ष बशीकडे, सुरीकडे, फितीकडे बघत राहिले. मग त्यांनी गॅलरीचा कठडा मोडून तोंडात टाकला. चावला. पुन्हा चावला. लोक इमारतीवर तुटून पडले, ज्याचं घर त्याला. जिन्याखालच्या बाईला मात्र कुणी हात लावला नाही.

"जिंकलात, मावशी," तोंडात घास असतानाच अध्यक्ष म्हणाले. "आता आणखी काय हवंय, ते एकदाच सांगून मोकळ्या व्हा."

मावशींनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. सगळे खायचे थांबले. "तो दिवा तेवढा बदला," त्या म्हणाल्या. "साधा, बटणाचा लावा. हात वर करून करून माझा खांदा दुखतो."